सोफ्याच्या पायाशी कसला आलाय सत्तासंघर्ष!

घरातला आठ-दहा महिन्यांचा कुत्रा एके दिवशी सोफ्याच्या पायाशी टांग वर करतो आणि त्या क्षणापासून कुत्र्यापेक्षा घरातल्या माणसांचंच वागणं बिघडतं. कालपर्यंत ज्याला ‘आमचं बाळ’ म्हणून मांडीवर घेतलं जात होतं, तो आता ‘फार शेफारलाय’, ‘डोक्यावर बसलाय’ या सदरात जमा होतो. मग सोसायटीच्या बागेतले जाणकार, ‘आमच्याकडे तीन अल्सेशियन होते’ असं सांगणारा नात्यातला एखादा काका आणि तासावर पैसे घेणारा ट्रेनर असे तिघंही एकच निदान करतात: त्याला वाटतंय, तोच घरचा मालक. आत्ताच दाखवून द्या मालक कोण ते. उपायही ठरलेले. मान धरा, नाक त्या शूवर घासा, वर्तमानपत्राच्या सुरळीचा एक फटका द्या. वर पथ्यं वेगळीच: त्याच्या आधी जेवायला बसा, दारातून त्याच्या आधी बाहेर पडा, त्याला सोफ्यावर चढू देऊ नका.

यातलं निदान चूक आहे आणि उपाय त्याहून चूक. ते इतक्या ठामपणे सांगितले जातात की ऐकणाऱ्याला आपल्याच मऊपणाची लाज वाटावी, म्हणून त्यांचा समाचारही जरा सविस्तर घ्यायला हवा.

आधी त्या शूकडे नीट बघू. तिच्यावर चिडतात सगळे, निरखत कुणीच नाही. मार्किंग, म्हणजे वासाची खूण सोडणं, असेल तर ती चमचा-दोन चमचेच असते आणि बहुधा उभ्या जागी: सोफ्याचा पाय, दाराची चौकट, चपलांच्या रॅकचा कोपरा, पडद्याची खालची कड. खोलीच्या मधोमध भलंमोठं तळं असेल तर त्या कुत्र्याचं बाहेर जायचं शिक्षणच अर्धवट राहिलंय, तिथे हक्काबिक्काचा प्रश्न येत नाही. तुम्ही दारातून आत येताच कान पाडून, अंग चोरून तो थेंब-थेंब गळत असेल तर ती भीती किंवा न आवरणारा आनंद. अशा वेळी आवाज चढवलात तर पुढच्या खेपेला जास्त गळणार. तो सारखा शूला बसत असेल, जोर करत असेल, भांडंभर पाणी पीत असेल, रंग लालसर दिसत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, खडा, मधुमेह असं काहीही असू शकतं. जंतुसंसर्गाने बेजार झालेल्या जनावराला ‘तू मालक नाहीस’ हे पटवून देण्यात किती घरांनी किती आठवडे घालवले असतील, देव जाणे.

म्हणून पहिला फोन पशुवैद्याला. ते सकाळच्या पहिल्या शूचा नमुना मागतात आणि तिथे मालकांची खरी परीक्षा होते. स्वयंपाकघरातून बाद झालेला लांब दांड्याचा डाव घ्यावा, कुत्र्याच्या मागून चालावं, त्याने टांग वर केली की डाव हळूच पुढे सरकवावा. पहिल्यांदा तो दचकून टांग खाली घेतो आणि तुमच्याकडे अशा नजरेने बघतो की आपणच काही अश्लील केलं असं वाटावं. दोन-तीन झाडांनंतर मात्र त्याला सवय होते. हे करायला पाच मिनिटं लागतात. सत्ता प्रस्थापित करायला निघालेल्या मंडळींना ती पाच मिनिटं मिळत नाहीत.

आता मूळ मुद्दा. हा ‘मालक कोण’ सिद्धान्त आला कुठून? रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली एक निबंध लिहिला. कुंपणाच्या आत कोंबलेले लांडगे वरचढपणासाठी सतत भांडतात, हे त्याने पाहिलं आणि तसं नोंदवलं. अमेरिकी संशोधक डेव्हिड मीच यांच्या १९७० मधल्या ‘द वुल्फ’ या पुस्तकाने ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना जगभर नेली. पुढे त्याच मीच यांनी कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समियर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे साधारणपणे आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे कुणी लढून ‘अल्फा’ होत नाही. आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले आणि अखेर ते थांबलंही. ज्याने कल्पना जगभर पोचवली त्याने ती परत घेतली. आपल्याकडचे ट्रेनर मात्र अजून तीच विकतात.

विरोधकांच्या बाजूने जे सांगता येतं तेही सांगतो. लांडग्यांत टांग वर करून खुणा सोडण्याचं काम बहुतेक प्रजनन करणाऱ्या जोडीतला नर करतो, हे खरं आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही हद्दी असतात, हेही खरं. पश्चिम बंगालमधल्या कटवा इथे सुनीलकुमार पाल यांनी मोकळ्या कुत्र्यांच्या याच सवयीचा अभ्यास केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नर माद्यांपेक्षा जास्त खुणा सोडतात. जागा कोणती, ऋतू कोणता, यावर प्रमाण बदलतं, असं त्यात दिसतं. हे सगळं मान्य. पण या खुणा कुणासाठी असतात? दुसऱ्या कुत्र्यांसाठी. नर की मादी, माजावर आहे की नाही, ओळखीतला की परका, एवढा मजकूर त्या चमचाभर पाण्यात असतो आणि तो वाचणारं नाक आपल्यापाशी नाही. दुसऱ्याच्या नावचं, आपल्याला न येणाऱ्या लिपीतलं पत्र फोडायचं आणि त्यात आपल्यालाच शिवी दिलीय म्हणून भांडण काढायचं, असला हा प्रकार आहे.

आणि ताकदीचाच मामला असेल तर पॉमेरियनचं काय करायचं? कॉर्नेल विद्यापीठाच्या बेट्टी मॅग्वायर यांनी प्राणी-निवाऱ्यांतल्या कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासांत छोटे कुत्रे मोठ्यांपेक्षा जास्त नेमाने उभ्या वस्तूंवर शू करताना दिसले. २०१८ च्या त्यांच्या निबंधात तर छोटे कुत्रे टांगही जास्त उंच नेतात असं निघालं. त्यामागे त्यांचा कयास असा की आहे त्यापेक्षा मोठं दिसण्याची ही धडपड असावी, कारण समोरासमोरची भेट छोट्याला परवडत नाही. चार किलोचं जनावर भिंतीवर उंच खूण सोडतं तेव्हा त्यात राज्याभिषेकापेक्षा धाकधूक जास्त असते.

घरातले प्रसंग आठवून पाहा, हीच धाकधूक दिसेल. माझ्या ओळखीच्या एका घरी मुलाचा मित्र राहायला आला. त्याने पाठीवरची सॅक हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवली. त्याच्या स्वतःच्या घरी कुत्री होती. या घरचा नऊ महिन्यांचा बीगल त्या सॅकपाशी गेला आणि खालच्या शिवणीपासून चेनपर्यंत नाक लावून वाचत राहिला. शेपूट ताठ, पाठीवरची केसांची रेघ किंचित उभी. घरातले सगळे चहा पीत गप्पा मारत होते. पाहुण्याने ‘किती क्यूट’ म्हटलं, तेवढ्यात कुत्र्याने मागचा भाग वळवला आणि टांग वर गेली. आरडाओरडा झाला, कुत्रा पलंगाखाली गेला. त्या लांबलेल्या हुंगण्याच्या वेळात कुणीतरी उठून सॅक कपाटावर ठेवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. टांग वर जाण्याच्या आधी बहुतेक कुत्रे अशी आगाऊ सूचना देतात. ती वाचायची लिपी आपल्याला येते, आपण फक्त बघत नाही.

‘पण त्याला कळतं हो! आपण घरात शिरलो की चोरासारखा बघतो.’ हा दावा प्रत्येक कुत्रेवाल्या घरात ऐकायला मिळतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली तोच तपासला. कुत्र्यासमोर खाऊ ठेवून ‘खायचं नाही’ सांगायचं आणि मालकाने खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. कुत्र्याचा तो ‘अपराधी’ चेहरा त्याने खाल्लं की नाही यावर ठरत नव्हता. मालक रागावला की नाही यावर ठरत होता. काही न करता बोलणी खाणारे कुत्रेसुद्धा तितकेच चोरटे दिसत होते. म्हणजे तो चेहरा हा कबुलीजबाब नाही, तुमच्या कपाळावरची आठी पाहून आलेली घबराट आहे.

काही न करता कुत्र्याने मार खाणं आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. महाभारताच्या आदिपर्वात पौष्यपर्वाची सुरुवातच एका मार खाल्लेल्या कुत्र्यापासून होते. जनमेजयाचं सत्र चाललंय, तिथे सरमा नावाच्या कुत्रीचं पोर येतं, जनमेजयाचे भाऊ त्याला बडवतात. ते रडत आईकडे जातं. सरमा येऊन विचारते, याने हवीकडे पाहिलं नाही, चाटलं नाही, मग मारलंत का? कुणापाशीच उत्तर नसतं, आणि ती शाप देते. व्यासांच्या काळी निदान कुत्र्याची आई येऊन जाब विचारू शकत होती.

‘मारलं आणि थांबला की!’ हा पुढचा युक्तिवाद, आणि तो खोटा नाही, अर्धवट आहे. थांबला तो तुमच्यासमोर. कुत्र्याला कृती आणि तिचा परिणाम जोडता यायला मधे सेकंद-दोन सेकंदांपलीकडे अंतर चालत नाही. संध्याकाळी ऑफिसातून येऊन दुपारच्या डागापाशी दिलेला फटका त्याच्या लेखी दुपारच्या कृतीबद्दल नसतो, घरी आलेल्या माणसाबद्दल असतो. अगदी रंगेहाथ पकडून मारलं तरी तो शिकतो ते हे की हा माणूस जवळ असताना शू करणं धोक्याचं. मग तो सोफ्याच्या मागे जातो, पाहुण्यांच्या खोलीत जातो. आणि गंमत अशी की पट्टा लावून खाली नेलं की तिथेही तुमच्यासमोर करत नाही; पाऊण तास हिंडून वर येतो आणि तुम्ही चपला काढेपर्यंत कोपऱ्यात मोकळा होतो. मालक म्हणतो, बघा, मुद्दाम करतो! मुद्दाम नव्हे, तुम्हीच शिकवलेलं इमानेइतबारे पाळतो.

नाक घासण्याबद्दल तर काय बोलावं. आपल्याला शूची किळस येते म्हणून त्यालाही यावी, ही अपेक्षा ज्या प्राण्याकडून करतोय तो रस्त्यावरचा प्रत्येक खांब आवडीने हुंगतो.

पुरावाही या बाजूचा नाही. ब्रिटनमध्ये हिबी, रूनी आणि ब्रॅडशॉ यांनी ३६४ कुत्रेमालकांचं सर्वेक्षण २००४ साली प्रसिद्ध केलं: शिक्षा जास्त करणाऱ्यांच्या कुत्र्यांत तक्रारीच्या सवयी जास्त, बक्षीस देऊन शिकवणाऱ्यांचे कुत्रे जास्त आज्ञाधारक. अशा सर्वेक्षणातून कारण सिद्ध होत नाही. वांड कुत्र्यालाच जास्त मार बसत असेल, असंही कुणी म्हणेल. ठीक. मग २००९ चा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला अभ्यास घ्या. मारणं, लाथ घालणं, उताणं पाडून दाबून धरणं असले प्रकार ज्यांच्यावर झाले त्यांतल्या किमान चौथा हिस्सा कुत्र्यांनी उलटून आक्रमक प्रतिसाद दिला होता. ज्या घरात पाच वर्षांचं मूल बाबांची नक्कल करत कुत्र्यापुढे बोट नाचवतं, तिथे ‘मालक कोण’चा प्रयोग कुणाच्या अंगावर येईल हे सांगायला ज्योतिषी नको.

‘आमच्या गावाकडे एक पेकाटात घातली की कुत्रं शहाणं व्हायचं.’ गावाकडचं कुत्रं शहाणं नव्हतं, बाहेर होतं. त्याला उंबऱ्याच्या आत घेत कोण होतं? ते ओट्याखाली, गोठ्यात, उकिरड्यापाशी राहायचं आणि बैलगाडीच्या चाकावर, गोठ्याच्या मेढीवर मनसोक्त टांग वर करायचं. त्याकडे कुणी पाहतही नसे. तेच जनावर आज आपण चौथ्या मजल्यावरच्या सातशे चौरस फुटांत आणलंय, खालची भटकी टोळी गॅलरीतून त्याला दिवसभर दिसते-ऐकू येते, बाहेर जायला दोनदा मिळतं. परिस्थिती उलटीपालटी केली आणि उपाय मात्र पेकाटाचाच ठेवला.

मारकुट्यांच्या जोडीला एक बिनमाराचं शस्त्रागारही घरोघर असतं. दारापुढे कुंकवाच्या किंवा निळीच्या पाण्याच्या बाटल्या. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात, हे १९८९ पासून नीट ठाऊक आहे. लाल रंग त्याला काळपट-तपकिरी दिसतो. त्या बाटलीला भिण्यासारखं त्यात काहीच नाही, आणि बाटलीच्याच बुडाशी ओलं केलेले कुत्रे मी पुण्याच्या पेठांतून पोटभर पाहिलेत. कोपऱ्यात तिखट टाकणारेही आहेत. ते नाकाडोळ्यांत गेलं की जनावर तडफडतं. डांबराच्या गोळ्या हा त्याहून घातक प्रकार. त्यातलं नॅफ्थॅलीन पोटात गेलं तर तांबड्या रक्तपेशी फुटतात. पिल्लू वयातला कुत्रा कोपऱ्यातली पांढरी गोल वस्तू तोंडात घालणार नाही यावर कुणी पैज लावावी?

फिनाइलवर आपला एवढा भरवसा, पण ते वास काढत नाही, वासावर वास चढवतं. आपल्याला फक्त वरचा येतो, त्याला खालचाही. अमोनियावालं क्लीनर तर उलट्या परिणामाचं, कारण शूमधला युरिया जिवाणू फोडतात तेव्हा अमोनियाच तयार होतो. शिवाय डाग दिसतो तिथेच असतो असं नाही. नोटा तपासायची जांभळी बॅटरी रात्री दिवे मालवून हॉलमध्ये फिरवा. टाइल्सच्या सांध्यातली सिमेंटची रेघ हातभर लांब फिकट पिवळी चमकते, सोफ्याच्या लाकडी पायावर ओघळ दिसतात, पडद्याच्या कडेवर एकावर एक चढलेले नकाशे दिसतात. आपण पुसलं होतं ते त्यातल्या एखाद्याच ठिकाणी. या जागा आधी टिपकागदाने शोषून घ्याव्यात, साध्या पाण्याने धुवाव्यात, मग एन्झाइमचं क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओलं राहू द्यावं. लगेच पुसून घेतलं तर पैसे वाया. वास पुरा गेल्यावर त्याच जागी त्याचं अंथरूण किंवा जेवणाचं भांडं ठेवावं. जिथे जेवतो-झोपतो तिथे शक्यतो कुत्रा शू करत नाही.

आता दुसरा पक्ष: ‘ऑपरेशन करा, विषय संपला.’ हे लोक माझ्या बाजूचे वाटतात, पण त्यांचीही घाई नडते. नील्सन, एक्स्टाइन आणि हार्ट यांनी १९९७ साली ५७ नर कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नसबंदीनंतर घरातलं मार्किंग, अंगावर चढणं आणि भटकणं या सवयी साठ टक्के कुत्र्यांत तरी निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या. नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त घट मात्र २५ ते ४० टक्के कुत्र्यांतच दिसली. कुत्र्याचं वय काय होतं, सवय किती जुनी होती, याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे शस्त्रक्रिया उपयोगी आहे, उशिरा केली तरी आहे, पण विषय संपवत नाही. शिवाय कधी करायची हे जातीवर ठरतं. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिसमधल्या हार्ट यांच्याच गटाने २०२० मध्ये ३५ जातींचा हिशेब मांडला, त्यात काही मोठ्या जातींत फार लवकर केलेल्या नसबंदीनंतर सांध्यांचे विकार वाढलेले दिसले. डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवा. आणि ‘बिचाऱ्याचं पुरुषत्व जाईल’ म्हणून हळहळणाऱ्या बापमाणसांना एवढंच सांगणं आहे की ही काळजी कुत्र्याने व्यक्त केलेली नाही.

तिसरे ते, ‘मोठा झाला की सोडेल’ म्हणत गप्प बसणारे. सोडत नाही, मुरतं. जुन्या डागाचा वासच पुढच्या डागाला बोलावतो.

मग करायचं काय? काही आठवडे त्याला घरात नजरेआड होऊ द्यायचं नाही. कामात असाल तर लांब हलकी दोरी स्वतःच्या कमरेला बांधा, तेही नाही जमलं तर एका खोलीला छोटं फाटक लावा. हुंगणं लांबलं, मागचा भाग वळला की हाक मारून तिथून उठवा आणि बाहेर न्या. ‘चल रे’ एवढा आवाज पुरतो. बाहेर केली की तिथल्या तिथे खिशातला खाऊ, वर आल्यावर नव्हे. तळमजल्यावर राहत असाल तर खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला धुरकट फिल्म लावा, म्हणजे रस्त्यावरची टोळी दिसायची थांबते. पाहुण्यांच्या बॅगा वर, नवी खरेदी वर, चपला बंद कपाटात. नर कुत्र्यासाठी पोटाला बांधायचा पट्टा मिळतो. लग्नकार्याच्या घरी तो अब्रू वाचवतो, पण ओला झाल्याबरोबर बदलावा लागतो आणि सवय मोडत नाही. हे सगळं मन लावून करूनही फरक पडेना, घरात बाळ आल्यापासून किंवा घर बदलल्यापासून कुत्रा एकूणच बिथरलेला वाटत असेल, तर वर्तनाचं काम जाणणाऱ्या पशुवैद्याकडे जावं. चिंतेवर औषधं असतात.

आणि फिरवणं. बऱ्याच घरांत ते काम पगारी मुलाकडे असतं. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पट्टा; कुत्रा खांबापाशी थबकला की हिसका, पुढच्या झाडापाशी थबकला की पुन्हा हिसका, दहा मिनिटांत वर. ज्या एका कामासाठी तो बाहेर गेला होता, तेच त्याला करू दिलेलं नसतं. पावसाळ्यात तर गल्लीतले वासच धुऊन निघालेले, आणि आम्हीही छत्री सावरत फाटकापासूनच परत. अर्धा तास त्याच्या वेगाने चाला, हुंगू द्या, सात झाडांवर सात वेळा टांग वर करू द्या. फक्त सोसायटीतल्या गाड्यांची चाकं आणि दुसऱ्याच्या दारापुढच्या कुंड्या यांच्यापासून लांब ठेवा, नाहीतर पुढचा लेख शेजारी लिहितील.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ हा शेवटचा आक्षेप बहुधा तोच काढतो ज्याने मालकी दाखवायला सांगितलं होतं. वेळ आत्ताही जातोच आहे. फटका मारून साहेब टीव्हीपुढे बसतात आणि फडकं, बादली, फिनाइल घेऊन वाकते ती बायको, आई किंवा कामाला येणारी मावशी. पुढचे चार आठवडे बादली आणि कमरेची दोरी या दोन्ही गोष्टी साहेबांनी सांभाळाव्यात, आणि रविवारी सकाळी डाव घेऊन कुत्र्यामागून चालायलाही त्यांनीच जावं.